बॅटरीचं कार्ड

नवतपा लागला की आमच्या घरी कूलरमधला जुना वाळा काढून नवा भरतात, कैऱ्या उकडतात, आणि मी बाबांच्या खुर्चीची जादा बॅटरी कपाटातून काढून तिच्यावरचे दिवे मोजते. वाळा आणि कैऱ्या जबलपुरात घरोघरी असतात. बॅटरीचं काम फक्त आमच्याकडे. ते करताना दरवर्षी माझे कान गरम होतात, पण बाहेर पंचेचाळीस डिग्री असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

मे सरताना येणारे जेठातले हे नऊ दिवस म्हणजे आमच्याकडचा खरा उन्हाळा. सकाळी आठलाच आभाळ पांढरं पडतं. रांझीच्या रस्त्यावरून सायकलवाले जातात तेव्हा त्यांचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळा गमछा. छतावरचं टीन दुपारी आपलं आपणच कडकड वाजतं, जणू वर कोणी चालून राहिलं आहे. तरी या उन्हाला कोणी मनापासून शिव्या देत नाही, कारण नवतपा तपला नाही तर पुढे पावसाचं पाणी धड येत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. मलाही हे दिवस आवडायचे. चार वर्षांपूर्वीपर्यंत.

बाबा रांझीच्या फॅक्टरीत स्टोअरमध्ये होते. उभी हयात त्यांनी वस्तू बनवल्या नाहीत, सांभाळल्या. कोणती वस्तू तेल लावून ठेवायची, कोणती कोरडी, कोणती आडवी, कोणती उभी, कशाला हवा लागू द्यायची आणि कशाला नाही, हे त्यांना पाठ. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी दोस्तमंडळी त्यांना ‘स्टोर बाबू’च म्हणतात. प्रत्येक खणाला एक कार्ड असायचं आणि त्यावर दोन सह्या, एक पाहणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दुसरी सही झाली की मालाची जबाबदारी तपासणाऱ्याची, हा तिथला नियम. बाबा तपासणारे.

त्यांचा एक किस्सा आम्ही बहिणी लहानपणापासून ऐकत आलो. एकदा चाळीस पेट्या आल्या, नवा साहेब घाईत होता, म्हणाला सही करून टाका, माल बरोबरच आहे. बाबांनी सगळ्या चाळीस पेट्या उघडल्या. जेवायची सुट्टी गेली, चहा गेला, संध्याकाळचा भोंगा झाला. माल बरोबरच निघाला, एक वायसर कमी नव्हता. लोकांनी वर्षभर चिडवलं त्यांना. आईसुद्धा चिडवायची, की यांनी लग्नाच्या वेळी मलापण उघडून मोजून घेतलं असतं. बाबा हसायचे आणि म्हणायचे, “बिना पाहता सही नाही. मग पेटीत सोनं असो की शेण.”

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, जीभ मात्र परत आली. त्यांना चालता येईना तेव्हा आम्ही विजेवर चालणारी खुर्ची घेतली. डाव्या हाताशी एक दांडी, जिकडं ढकलली तिकडं खुर्ची. सीटखाली लिथियम-आयन बॅटरी, शाळेच्या डब्याएवढी, तिच्यावर चार हिरवे दिवे. पहिल्या दिवशी बाबा आमच्या गल्लीत तीन चकरा मारून आले. मागून कोणी ढकलत नव्हतं. चेहरा असा झाला होता की मी पाहायचं टाळलं, त्यांना लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी फॅक्टरीच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर एकटे जायला लागले, जुन्या लोकांत बसायला. त्यांच्यासाठी ती खुर्ची म्हणजे तेवढंच होतं, की तिथपर्यंत आपण आपले जातो.

बॅटरीसोबत आलेला कागद त्यांनी भिंग लावून वाचला आणि मला बोलावलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी ऐटीत समजावून सांगितलं: ही बॅटरी पडून राहणार असेल तर पूर्ण भरून ठेवायची नाही, कारण भरलेली असली की आतल्या रसायनांवर ताण राहतो आणि ती हळूहळू एकमेकांना खातात, उन्हात तर फारच भराभर. पूर्ण रिकामीही ठेवायची नाही, नाहीतर ती इतकी खाली जाते की पुन्हा उठत नाही. अर्धी भरायची, थंड कोरड्या जागी ठेवायची आणि मधूनमधून पाहायची.

“म्हणजे आमच्या रबराच्या वायसरसारखं,” बाबा म्हणाले. “वापरलं नाही तरी म्हातारं होते.”

मग त्यांनी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घेतला माझ्याकडून, आणि डाव्या हातानं, वाकड्या अक्षरांत, चार रकाने आखले. तारीख. दिवे किती. कोणी पाहिलं. कोणी तपासलं. कार्डाला भोक पाडून सुतळी ओवली. मी हसले. एका बॅटरीला कार्ड.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर मोठी, म्हणजे माझी बहीण, त्यांना नागपूरला घेऊन गेली, हातापायाच्या व्यायामासाठी, अडीच-तीन महिने. तिच्या इमारतीला लिफ्ट नाही, तर खुर्ची इथंच राहिली. निघायच्या सकाळी बाबांनी मला समोर उभं केलं.

“छोटी, ऐक. दोन दिवे. तीन नाही, एक नाही. आतल्या खोलीत, जमिनीवर, भिंतीला न लावता. महिन्यातून एकदा पाहायची आणि लिहायचं.”

“बाबा, मी हेच शिकवून राहिली ना कॉलेजात.”

“शिकवतेस म्हणूनच सांगून राहिलो. शिकवणारे लोक करत नाहीत.”

स्टेशनवरून परत आले तर घर एकदम रिकामं. आईची एक रीत होती, घरातून कोणी दूर जाताना मागं काही अर्धं ठेवायचं नाही. तांदळाचा डबा काठोकाठ, माठ काठोकाठ, देवाजवळच्या समईत तेल काठोकाठ. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण हात तिचेच. मी डबा भरला, माठ भरला, आणि त्याच धुंदीत बॅटरी चार्जिंगला लावली आणि चारी दिवे लागेपर्यंत काढली नाही. दोन दिव्यांवर ठेवलेली वस्तू मला अशुभ वाटली असावी. एम.एस्सी. झालेली बाई मी. वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगते, आणि घरी बॅटरीत तांदूळ भरते.

मग आठवड्याभरात रंगवाले आले. आतली खोली रिकामी करायची होती, म्हणून खुर्ची अंगणात झाकून ठेवली आणि बॅटरी छतावरच्या टिनाच्या खोलीत, जुन्या गाद्यांच्या मागं. दोन दिवसांसाठी. रंगवाले गेले, रंगाचा वास गेला, गाद्यांमागची बॅटरी तिथंच.

विसरले, असं मी मोठीला नंतर सांगितलं. ते खोटं होतं. मला आठवत होतं. पेपर तपासताना आठवायचं, भाजी चिरताना आठवायचं, बाबांचा फोन आला की तर हमखास आठवायचं. एकदा एप्रिलच्या शेवटी मी वर गेलेही होते. दाराची लोखंडी कडी इतकी तापली होती की हात लावता येईना. मी पदरानं धरून पाहिली, तरी चटका बसला, आणि मी खाली आले. त्या दाराआड ती बॅटरी होती, चारी दिवे भरलेली. कडीनं मला सगळं सांगितलं होतं. मी बोटावर थंड पाणी घेतलं आणि पेपर तपासायला बसले.

हे लिहितानाही वाटतं की कारण द्यावं काही. परीक्षा होत्या, एकटीचं घर होतं. पण आईच्या रेशमी साड्यांच्या घड्या मी दरवर्षी न चुकता बदलते, कारण रेशीम घडीवर चिरतं. गव्हात कडुनिंबाचा पाला घालते. लोणच्यावर तेल उतरलं का, ते बरणी तिरकी करून पाहते. ठेवलेल्या वस्तूकडे पाहत राहावं लागतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. साडी माझी होती, गहू माझा होता. बॅटरी बाबांची होती, एवढाच फरक. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला.

बाबा नवतप्याच्या आदल्या संध्याकाळी परत येणार होते. त्याला कारण होतं. नवतप्याच्या पहिल्या सकाळी ही सगळी म्हातारी मंडळी गेटासमोर जमतात आणि कैरीचा पना पितात. स्टोअरची जुनी रीत आहे ती, फॅक्टरीत असल्यापासूनची. बाबा आमच्या पद्धतीचं पन्हं नेतात, गूळ आणि वेलदोडा घातलेलं, आणि बाकीचे त्यांना दरवर्षी म्हणतात की हे काय, ये तो मिठाई है, पुदिना कहाँ है. नागपूरहून ते आठवडाभर फोनवर तेच बोलत होते. तिवारीजींना त्यांनी कळवलंही होतं की यावेळी मी माझा माझा येणार.

त्या दिवशी दुपारी मी गाद्यांमागून बॅटरी काढली. हाताला कोमट नव्हे, गरम लागली. बाजू किंचित फुगल्यासारखी वाटली. मी खाली आणून फरशीवर ठेवली, गार झाल्यावर चार्जिंगला लावली, आणि अर्ध्या तासात चारी दिवे लागले. मला बरं वाटलं. इतक्या लवकर बॅटरी भरते म्हणजे तिच्यात फार काही मावतच नाही, हे मी दुसऱ्या कोणाला लगेच सांगितलं असतं. खुर्चीत बसवताना ती अडली. मी तळहातानं दाबली, मग गुडघ्यानं. बसली. फुगलेली बॅटरी अशी दाबतात का? आग लागली असती.

मग मी कार्ड काढलं. तीन महिन्यांच्या तीन नोंदी. निळ्या पेनानं एक, काळ्या पेनानं एक, आणि तिसरी एका संपत आलेल्या निळ्या पेनानं, अंधूक. तीन वेगवेगळी पेनं घेतली मी. त्या तीन पेनांची मला जितकी लाज वाटते तितकी बॅटरीचीही वाटत नाही. निष्काळजीपणा कोणाचाही होतो. पेनं मी शोधून आणली होती.

बाबा आले तेव्हा दमले होते, पण खुश. जेवताना विचारलं, “पाहिली ना?”

“हो बाबा. कार्ड भरलं आहे.”

“चलो,” ते म्हणाले आणि कार्ड मागितलं नाही.

सकाळी आठला निघाले. पांढरा शर्ट, खिशात कांदा, लू म्हणजे उन्हाची झळ लागू नये म्हणून, आणि मांडीवर पन्ह्याचा थर्मास. मी दारातून पाहत राहिले. सोबत गेले नाही, कारण एकटं जायचं हीच तर गोष्ट होती. गल्लीच्या वळणावर त्यांनी डावा हात वर केला. मागं वळता येत नाही त्यांना, पण मी उभी असणार हे माहीत होतं.

साडेआठच्या पुढे तिवारीजींचा फोन आला. “बिटिया, घबराना नहीं. बाबूजी की कुर्सी चढ़ाई पर अड़ गई है. ज़रा आ जाओ.”

गेटाच्या अलीकडे एक चढ आहे, लहानसा, सायकलवाले उतरतात तेवढा. तिथं झाड नाही. मी स्कूटी घेऊन पोचले तेव्हा बाबा त्या चढाच्या मधोमध उन्हात होते. वीज गेली की त्या खुर्चीची चाकं घट्ट बसतात. मागं खाली एक लहान खटका आहे, तो ओढला की मोकळी होतात. बाबांचा हात तिथं पोचत नाही, आणि तो खटका मी दुसऱ्या कोणाला दाखवला नव्हता. तिवारीजी, वय पंच्याहत्तर, त्यांच्यावर छत्री धरून उभे होते आणि स्वतः उन्हात होते. दोन म्हातारे मागून ढकलत होते. चाक हलत नव्हतं. वीस मिनिटं चाललं होतं ते. बाबांचा चेहरा तांबडाकाळा झाला होता आणि थर्मास त्यांनी डाव्या हातानं पोटाशी धरला होता.

मी वाकून खटका ओढला.

“स्टोर बाबू,” तिवारीजी घाम पुसत म्हणाले, हसवायलाच म्हणाले, “आपकी सँभाली हुई चीज़ और फेल? ये तो पहली बार देखा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “मेरी ही गलती है, तिवारीजी. बैटरी देखना भूल गया. बुढ़ापा है.”

या माणसानं चाळीस पेट्या उघडल्या होत्या, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी खुर्चीच्या मागं उभी होते, हात खटक्यावर. एक वाक्य बोलायचं होतं. हिंदीत म्हणा, मराठीत म्हणा, पाच-सहा शब्दांचं. मी ‘चला बाबा, ऊन वाढून राहिलं’ म्हटलं आणि खुर्ची ढकलायला लागले. टपरीपर्यंत मीच ढकलत नेली. मीच पन्हं ग्लासांत ओतलं. त्या दिवशी पुदिन्यावरून कोणी काही बोललं नाही. बाबांनी अर्धा ग्लास घेतला आणि घरी चल म्हणाले.

दोन दिवस त्यांना ताप होता. लू लागलीच. डॉक्टर येऊन गेले. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते आणि ते डोळे मिटून होते. कूलरच्या वाळ्याचा वास अजून आला की मला तो ताप आठवतो. एका क्षणी त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका गरम होता की मला टिनाच्या खोलीची कडी आठवली. ते गेले असते तर? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. नंतर विचारला, रोज.

तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसले आणि म्हणाले, “कार्ड आण.”

मी आणलं. त्यांनी भिंग मागितलं नाही. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि तिथंच ठेवून राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. पहिली तारीख मी पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची टाकली होती. पाडव्याला मी नागपुरात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं श्रीखंड मी स्वतः त्यांना चमच्यानं भरवलं होतं. जबलपुरात बॅटरीचे दिवे त्या दिवशी कोण पाहणार होतं?

“अच्छा,” बाबा म्हणाले. आमच्याकडे या शब्दाला वीस अर्थ आहेत. त्या दिवशी त्यातला कोणता होता, ते मी अजून ठरवू शकले नाही.

मग म्हणाले, “ती बॅटरी खुर्चीतून काढ. फुगली असेल. वाळूच्या बादलीत ठेव, अंगणात, भिंतीपासून दूर. कचऱ्याच्या गाडीत टाकू नको, पेटते. जुन्या बॅटऱ्या घेणारा येईल त्याला दे.” त्यांनी ती पाहिलीही नव्हती.

त्यांनी म्हटलं तसं मी केलं. बादलीत वाळू घालताना ठरवलं की आज सांगायचं. संध्याकाळी सांगायचं. मग ते झोपले, मग मोठीचा फोन आला, मग उद्या. सकाळी कार्ड बाबांच्या उशाशी, मी रात्री लावलं होतं त्याच खिळ्याला टांगलेलं दिसलं. मी ते काढून फाडणार होते.

चौथा रकाना भरलेला होता. माझ्या तिन्ही नोंदींच्या पुढे, ‘कोणी तपासलं’च्या खाली, बाबांच्या सह्या होत्या. डाव्या हातानं केलेल्या, थरथरत्या. एका सहीला त्यांना मिनिट लागतं. तीन होत्या. म्हणजे सकाळी उठून, मी जागी व्हायच्या आधी, त्यांनी पलंगावरून हात पोचवून ते कार्ड घेतलं असेल आणि बसून तीन वेळा आपलं नाव लिहिलं असेल. दोन सह्या झाल्या की जबाबदारी तपासणाऱ्याची.

मला रडू आलं नाही. आलं असतं तर सुटले असते. ते रागावले असते तरी मी सुटले असते, मीपण उलटून दोन शब्द बोलले असते. मी कार्ड परत खिळ्याला लावलं आणि चहा टाकला.

त्यानंतर दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, एक खुर्चीत, एक जादा. जादा बॅटरी आतल्या खोलीच्या कपाटात असते, खालच्या फळीवर, दोन दिव्यांवर. एक दिवा कमी झाला तर अर्धा तास लावते आणि घड्याळासमोर उभी राहते. नवं कार्ड मी आखलं. खुर्चीचा खटका तिवारीजींना, टपरीवाल्याला, सगळ्यांना दाखवला. चार वर्षांत एक महिना चुकला नाही. वर्गात लिथियमचा धडा आला की मी अजून तोच शिकवते, फक्त शेवटी म्हणते की घरी जाऊन करा, आणि मुलं हसतात.

आज परत नवतप्याचा पहिला दिवस. सकाळी बाबा गेटापर्यंत जाऊन आले, पन्हं घेऊन. आता ब्याऐंशीचे आहेत, उतारावर थोडे घाबरतात, चढावर नाही. दुपारी मी जादा बॅटरी पाहिली, तारीख टाकली, सही केली आणि कार्ड त्यांच्यासमोर धरलं.

“बॅटरी आण,” ते म्हणाले.

“बाबा, आत्ताच पाहिली. दोन दिवे आहेत.”

“आण.”

दर महिन्याला हे असंच होतं. मी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बटण दाबलं, दोन दिवे लागले. तळहात दोन्ही बाजूंवरून फिरवला, फुगली आहे का पाहायला. मग पेन मागितलं आणि लिहायला लागले. कूलर घरघरत होता. वर टीन कडकडत होतं. मला वाटलं, आज बोलावं, आज नाही तर मग कधी.

“बाबा,” मी म्हटलं, “त्या वर्षी...”

त्यांनी सही पूर्ण केली. पेन टोपण लावायला माझ्याकडे दिलं.

“बिना पाहता सही मी जिंदगीत एकदाच केली, छोटी.”

मी टोपण लावलं. “हो बाबा,” म्हटलं. चार वर्षांत एवढंच बोलता आलं.